चार सेकंदांचं खवले मांजर

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो आणि माणसांना नावं ठेवतो. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा कुणी नाही.

चपलांचं दुकान आणि वर जाणारा जिना यांच्या मधल्या फटीत त्याचं दुकान आहे. फटीत म्हणजे अगदी फटीतच. मामा आत बसला की गिऱ्हाइकानं बाहेर रस्त्यावर उभं राहायचं. काचेचं टेबल, त्यावर चिमटे, ब्रश, बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून उपडी घातलेली काचेची वाटी, आणि मामाच्या उजव्या डोळ्यात बसवलेलं काळं भिंग. गिऱ्हाईक आलं तरी ते भिंग तो काढत नाही. एका डोळ्यानं घड्याळ बघतो, दुसऱ्यानं माणूस, आणि दोघांपैकी बिघाड कुणात जास्त आहे ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. हल्ली लोक येतात ते सेल बदलून घ्यायला. ते काम तो करतो, पण तोंड पाडून. "ही दुरुस्ती नाही, हे माठात पाणी भरणं आहे," असं त्या माणसाच्या तोंडावर सांगतो. तो माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. मामी म्हणते, "तुझ्या दुकानात घड्याळं चालतात, दुकान चालत नाही."

आई गेल्यावर मी मामा-मामीकडेच वाढले. आता मी दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटांचे नंबर लावते. गाल सुजलेली माणसं दिवसभर माझ्यासमोर "माझा नंबर आधी होता" म्हणून भांडतात. दुखत असतानाही भांडायला त्यांना ताकद कुठून येते ते देव जाणे. त्यामुळे माणसांबद्दल माझंही मत फारसं चांगलं नाही. मामाकडून मला वारशानं दुसरं काही मिळेलसं दिसत नाही, हा स्वभाव मात्र पुरेपूर मिळाला.

रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी मामा प्राणिसंग्रहालयात जातो. अकरा वर्षं झाली, एक रविवार चुकवलेला नाही. मामी मला बरोबर पिटाळते. "जा ग त्याच्याबरोबर. एकटा गेला की कुणाशी तरी भांडून येतो." मी जाते. तो भांडतोच, फक्त मग आम्ही दोघं भांडतो.

आमचं प्राणिसंग्रहालय छोटंसं आहे. एक वाघ, तोही म्हातारा आणि झोपाळू. दोन अस्वलं, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही. माकडं भरपूर आणि हरणं गरजेपेक्षा जास्त. हे सगळं पुढच्या बाजूला. जे खरोखर दुर्मिळ आहे ते ठेवलंय पार मागे, स्वच्छतागृहाच्या पलीकडे. ही योजना ज्या कुणी केली त्याला माणसं चांगली ओळखता येत असणार. कारण तिथवर जी माणसं पोचतात ती प्राणी बघायला येत नाहीत, स्वच्छतागृह शोधत येतात. मोकळी होऊन, हात झटकत, आता आलोच आहोत तर बघू म्हणून पिंजऱ्यात डोकावतात. आत काही हलत नाही म्हटल्यावर "रिकामं आहे" असं जाहीर करून माकडांकडे परततात. माकडांना बिचाऱ्यांना पर्याय नसतो.

मामाची घडीची खुर्ची याच मागच्या भागात मांडलेली असायची. तिथे काचेच्या एका पेटीत नुसत्या वाळक्या काड्या आहेत. त्यातल्या एकोणीस काड्या जिवंत आहेत. ते काडीसारखे दिसणारे किडे आहेत, आणि ते एकोणीस आहेत हे संग्रहालयातल्या कुणाला नाही, मामाला माहीत आहे. शेजारी एक मासा आहे, जो पिल्लं तोंडात घेऊन फिरतो. पलीकडे मुठीएवढं लाजवंती माकड फांदीच्या बेचक्यात जगाकडे पाठ करून झोपलेलं असतं. आणि सगळ्यात शेवटी, गुडघाभर कठड्याच्या आत, मातीच्या उतारावर एक बीळ आहे. त्यात खवले मांजर राहतं. पाटीवर त्याचं चित्र आहे: अंगभर खवले, लांब शेपूट, निमुळतं तोंड, दात एकही नाही. दात नाहीत हे वाचून मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

लहानपणी मी विचारायचे, "कुठाय मामा? मला दिसत नाही." तो म्हणायचा, "प्राणी शोधायचा नसतो. जागा बघत बसायचं. जागा पाठ झाली की जे जास्तीचं दिसेल तो प्राणी." या पद्धतीनं मला किडे दिसले, माकडही दिसलं. खवले मांजर काही दिसलं नाही. मामाला अकरा वर्षांत ते तीनदा दिसलं होतं, तिन्ही वेळा संध्याकाळी साडेचार ते पाचच्या दरम्यान, संग्रहालय बंद व्हायच्या आधी. पण त्या तीन वेळांबद्दल तो ज्या आवाजात बोलायचा त्या आवाजात तो मामीबद्दलही कधी बोललेला मी ऐकलेला नाही.

आता बसून बसून करायचं काय? मामानं स्टॉपवॉच आणलं. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेलं आणि न्यायला कधीच न आलेलं. मामा लोकांचा वेळ मोजायला लागला. कोणत्या पिंजऱ्यापुढे माणूस किती सेकंद उभा राहतो. दोन वर्षं त्यानं मोजलं, पुढून मागून सगळे पिंजरे, शेकड्यांनी माणसं, आणि वहीत लिहून काढलं. वाघ: अठ्ठेचाळीस सेकंद, त्यातले एकतीस वाघाकडे पाठ करून, फोटो काढण्यात. अस्वल: बावीस. अजगर: बारा, त्यातले पाच शेजारच्या बाईला घाबरवण्यात. काड्यांचे किडे: सहा. खवले मांजर: चार. "चार सेकंदांत," मामा म्हणायचा, "लोकांना बिळाचं तोंड कुठे आहे तेसुद्धा कळत नाही. आणि म्हणे रिकामं आहे. डोकी रिकामी आहेत."

मला ती वही फार आवडायची, खोटं कशाला बोलू. जगातली माणसं मूर्ख आहेत असं आपल्याला वाटतं ते एक, आणि त्याचे आकडे हातात असणं हे वेगळंच सुख. मीच ती सगळी वही चांगल्या अक्षरात, पट्टीनं रेघा मारून, स्वच्छ उतरवून काढली. सरासऱ्याही मीच काढल्या. आम्ही दोघांनी मिळून आपल्याच पायावर केवढा धोंडा पाडून घेतला ते पुढे कळलं.

त्याच सुमारास संग्रहालयाला नवे अधीक्षक आले. याआधी ते शहरातले वाहनतळ सांभाळायचे. त्यामुळे रिकामी जागा दिसली की ती त्यांच्या डोळ्यांत खुपायची, मग ती जागा गाडीची असो की गेंड्याची. आल्या आल्या त्यांनी फाटकाशी सूचनापेटी लावली. मामानं पेटीत चिठ्ठी टाकली: लोकांना प्राणी कसे बघायचे ते शिकवण्याची गरज आहे, माझ्यापाशी पुरावा आहे. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. अधीक्षकांनी वही चाळली, दोनदा चाळली, आणि उठून मामाचा हात हातात घेतला. "असं काम आमच्या पगारी लोकांनी कधी केलं नाही," ते म्हणाले. मामा घरी आला तो जमिनीपासून चार बोटं वर चालत. मामीनं विचारलं, "काय करणार म्हणाले?" मामा म्हणाला, "योग्य ती कार्यवाही."

योग्य ती कार्यवाही पुढच्या महिन्यात फाटकावरच्या फलकावर लागली. कमी प्रतिसाद असलेले पिंजरे टप्प्याटप्प्यानं मोकळे करण्यात येत आहेत. यादी सेकंदांच्या चढत्या क्रमानं होती, त्यामुळे पहिलं नाव खवले मांजराचं. त्याला दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका मोठ्या संग्रहालयात पाठवणार, बिळाची माती काढून खाली फरशी घालणार, आणि तिथे सशांचं घर करणार, खिडक्या-दारांसकट, लोकांना फोटो काढता येतील असं. खाली बारीक अक्षरात आभार मानले होते: "या निर्णयासाठी सखोल अभ्यास एका जाणकार नागरिकानं केला आहे."

मामानं तो फलक उभ्या उभ्या तीनदा वाचला. मग मागच्या बाजूला गेला. तिथे वाढपी होता. हा वाढपी म्हणजे प्राण्यांना खाणं घालणारा माणूस. सगळे त्याला वाढपीच म्हणतात आणि त्यालाही ते चालतं. तो कधी कुणावर रागावत नाही, त्या दिवशी मात्र त्यानं मामाकडे बघितलं नाही.

"तुम्ही लिहून दिलंत म्हणे," तो बादली विसळत म्हणाला.

"मी लोकांबद्दल लिहिलं होतं," मामा म्हणाला.

"लोकांना कोण हलवणार, घड्याळवाले? हलवायचं तर यालाच." वाढप्यानं बिळाकडे मान केली. "याच्या आधी एक होतं. तेही असंच पेटीत घालून पाठवलं होतं. पेटीत घातल्यापासून त्यानं तोंडाला काही लावलं नाही. पोचायच्या आदल्या दिवशी गेलं. हे तर माझ्या हातचंसुद्धा रुसत रुसत खातं."

मामा तसाच अधीक्षकांच्या खोलीत गेला. मीही मागे होते. खोलीत एक कपाट, एक पंखा आणि भिंतीवर पिंजऱ्यांचा नकाशा. नकाशावर मागच्या बाजूला लाल फुल्या.

"ती वही परत द्या," मामा म्हणाला.

"का? नोंद चुकली आहे का?" अधीक्षकांनी विचारलं.

इथे मामानं "हो" म्हणायला हवं होतं. मी मनातल्या मनात "म्हण, म्हण" करत होते. एक अक्षर, आणि प्रकरण मिटलं असतं. पण घड्याळजीच्या तोंडून आपली मोजणी चुकली असं निघणार कसं? मामा म्हणाला, "नोंद एका सेकंदानंही चुकलेली नाही. लोक चुकीचे आहेत."

"लोक बदलून मिळत नाहीत," अधीक्षक हसून म्हणाले. पण माणूस अगदीच दगड नव्हता. मामाच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. ते म्हणाले, "तुमचीच पद्धत वापरू. चार रविवार देतो. चौथ्या रविवारी मी स्वतः येऊन मोजतो. त्या पिंजऱ्यापुढे लोक सरासरी एक मिनिट थांबले, तर तो प्राणी राहील. नाही तर सोमवारी पेटी."

चार सेकंदांचं एक मिनिट. मामा वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, "साठ सेकंद वाघालासुद्धा मिळत नाहीत."

पहिल्या रविवारी मामा खुर्ची सोडून कठड्यापाशी उभा राहिला आणि स्वच्छतागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवायला लागला. "थांबा. नीट बघा. घाई काय आहे? घरी जाऊन काय दिवे लावणार आहात?" एका गृहस्थाला तो म्हणाला, "तुम्हाला डोळे आहेत ते फक्त चष्मा टेकवायला का?" लोक लांबून वळसा घालायला लागले. दोन बायकांनी तर स्वच्छतागृहात जाण्याचाच बेत रद्द केला. संध्याकाळी मी हिशेब काढला. सरासरी तीन सेकंद. अकरा वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं ते मामानं एका दिवसात केलं होतं, खवले मांजराचा एक सेकंद कमी केला होता.

घरी मामीनं सगळं ऐकून घेतलं. ती भाजी चिरत होती. सुरी न थांबवता तिनं विचारलं, "तू लोकांना त्या प्राण्याबद्दल सांगतोस, की लोकांबद्दल सांगतोस?"

मामा शर्टाची बटणं काढायला लागला.

"लोकांना स्वतःबद्दल ऐकायचं नसतं," मामी म्हणाली. "तीस वर्षं ऐकून घेतंय कोण, तर मी एकटी. बाकीच्यांना काही गरज नाही. त्यांना गंमत सांग."

"मी काय विदूषक आहे?"

"मग जाऊ दे त्याला पेटीतून."

दुसऱ्या रविवारी मामा कठड्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. घसा खाकरला. एक जोडपं येत होतं. मामा म्हणाला, "या. हे आमचे भाडेकरू." जोडपं थबकलं. "अकरा वर्षं झाली राहतात. तोंड दाखवत नाहीत. दार वाजवलं तर आतून माती लोटून दार बंद करतात. रोजचं जेवण मात्र वेळेवर लागतं." बाई हसली. नवरा म्हणाला, "आमच्याकडे पण आहे असा एक." मामाला याचा राग आला हे मला लांबूनही दिसलं, कारण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. पण तो हसला. मामा हसतो तेव्हा दात दुखल्यासारखा दिसतो. मी रोज बघते म्हणून सांगते. जोडपं सव्वीस सेकंद थांबलं.

मग त्याची जीभ सुटली. या प्राण्याची जीभ त्याच्या अंगाच्या मानानं किती लांब, ती तो मुंग्यांच्या वारुळात कशी सोडतो, हे तो स्वतःच्या शर्टाच्या बाहीतून मोजपट्टी ओढत ओढत दाखवायचा. पण आकडा पुढे सरकेना. तिसऱ्या रविवारी कुणीतरी विचारलं, "आणि वाघ आला तर काय करतं हे?" मामा क्षणभर थांबला. मग त्यानं चष्मा काढून माझ्या हातात दिला, जमिनीवर गुडघे टेकले, डोकं पोटात घातलं, हात डोक्यावर घेतले आणि तिथे, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, रविवारच्या विजारीसकट स्वतःला गुंडाळून घेतलं.

लोक खो-खो हसले. गर्दी जमली. गर्दी बघून आणखी गर्दी जमली, कारण गर्दी असते तिथे काहीतरी असणार अशी गर्दीची समजूत असते. सगळ्यांनी मोबाइल वर केले. त्या दिवशी एका माणसानं तर मामाच्या पाठीवर बोट टोचून बघितलं, तो उलगडतो का म्हणून. मी त्याचा हात धरून बाजूला केला. तो म्हणाला, "अहो, तुम्ही दाताच्या दवाखान्यातल्या ना? हे तुमचे कोण?" मी म्हणाले, "माझे मामा." हे सांगताना मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा संताप आला. संध्याकाळी सरासरी निघाली बावन्न सेकंद.

एक गोष्ट सांगायला हवी. त्या बावन्न सेकंदांत बिळाकडे कुणी बघत नव्हतं. मामा दोन वर्षं तुच्छतेनं लिहीत आला होता की लोक वाघाकडे पाठ करून उभे राहतात. आता लोकांचं तोंड पिंजऱ्याकडे होतं खरं, पण मध्ये मामा होता, आणि ते बघत होते मामाला. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. रात्री मामीनं त्याच्या गुडघ्यांना मलम लावलं तेव्हा तो म्हणाला, "एक प्राणी वाढला संग्रहालयात." मामी हसली नाही. मीही नाही.

चौथ्या रविवारी अधीक्षक आले. चार वाजता येऊन ते गर्दीच्या मागे उभे राहिले, हातात मामाचंच स्टॉपवॉच. मामानं भाडेकरूपासून सुरुवात केली. मी गर्दीच्या एका टोकाला, कठड्याच्या कोपऱ्यापाशी होते. साडेचार उलटून गेले असतील. मामा जमिनीवर गुंडाळून पडला होता आणि लोक हसत होते, तेवढ्यात वाढप्यानं मागून माझी बाही ओढली.

"ताई, आवाज करू नका. तिकडे बघा."

उतारावर, बिळाच्या तोंडाशी, ते उभं होतं. मागच्या दोन पायांवर. पुढचे पंजे छातीशी घेतलेले, पाकीट हरवलेला माणूस खिसे चाचपतो तसे. निमुळतं तोंड उचलून हवेचा वास घेत होतं. खवल्यांवर ओली माती होती. मग ते चार पावलं खाली आलं, एका दगडाशी वाकलं आणि जीभ बाहेर काढली. ती जीभ संपेचना. मामाच्या मोजपट्टीत काही खोट नव्हती.

"दर रविवारी येतं आता," वाढपी माझ्या कानाशी म्हणाला. "दुसऱ्या रविवारपासून. घड्याळवाले बोलायला लागले की थोड्या वेळानं येतं. त्याला कळतं ना, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही ते."

मी ओरडले नाही. तीस माणसं तिथे उभी होती, मधलं अंतर दहा पावलांचं होतं, आणि एकालाही दिसलं नाही. मामा उठून कपडे झटकेपर्यंत ते आत गेलं होतं. अधीक्षकांनी स्टॉपवॉच दाबलं आणि आकडा जाहीर केला: एक मिनिट पस्तीस सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना. अधीक्षक मामाला म्हणाले, "प्राणी राहील. पण तुम्ही हे दर रविवारी चालू ठेवायचं. चार ते पाच. तुम्ही थांबलात तर आकडा पडेल, आणि आकडा पडला तर मला नाइलाज." त्यांनी मामाला छातीवर लावायला एक बिल्लाही दिला. त्यावर "मार्गदर्शक" असं लिहिलं होतं.

मामा खूश होता. त्याला तसं खूश मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला माझ्या पोटातलं काही बाहेर काढवेना. एक आठवडाभर मी गप्प राहिले. पण माझी जीभ, ती काही माझ्या ताब्यात राहणारी नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानाशी गेले, बाहेर रस्त्यावर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ते येतं. दर रविवारी येतं. तुझ्या पाठीमागे येतं.

मामानं चिमटा खाली ठेवला आणि डोळ्यातलं भिंग काढलं. "कसं उभं राहतं?" त्यानं विचारलं. मी हात छातीशी घेऊन दाखवलं. त्यानं ते नीट बघून घेतलं, मी बिघडलेलं घड्याळ असल्यासारखं. आणखी एकदा दाखव म्हणाला. मी आणखी एकदा दाखवलं. मग त्यानं भिंग परत डोळ्यात बसवलं. "हे घड्याळ आजच न्यायला येणार आहेत," तो म्हणाला आणि कामाला लागला. मला वाटलं, संपलं. उद्या हा मान वळवणार. वळवू दे. अकरा वर्षं या माणसानं त्या मातीच्या उताराकडे बघण्यात घालवली. त्याचा हक्क आहे.

रविवारी चारला मामा बिल्ला लावून उभा राहिला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. मोबाइलवरून त्याची कीर्ती पसरली होती, आणि काही लोक आता स्वच्छतागृहात न जाताच थेट तिथे यायला लागले होते. भाडेकरू झाला, मोजपट्टी झाली. साडेचार वाजले. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या वाढप्यानं मामाकडे बघून हळूच मान हलवली. मामाला ते दिसलं. मला माहीत आहे दिसलं, कारण त्याचं वाक्य मध्येच तुटलं. मी कोपऱ्यातून बघितलं तर ते बाहेर आलेलं होतं, दगडाशी, आधीपेक्षा जवळ. मामाच्या पाठीपासून सहा-सात पावलांवर. नुसती मान वळवायची होती.

पण त्याच्यासमोर चाळीस माणसं होती. त्यानं मान वळवली असती तर चाळिसांनी नजर फिरवली असती, चाळीस मोबाइल वर झाले असते, आरडाओरडा झाला असता, आणि मग ते कधी बाहेर आलं असतं कोण जाणे. मामा उभा होता, नजर समोर. कानांच्या पाळ्या लाल. पहिल्या रांगेतला एक लठ्ठ माणूस टाचा उंचावून त्याच्या खांद्यावरून बघायला लागला. म्हणाला, "मागे काहीतरी हललं वाटतं हो."

"काही नाही तिथे," मामा म्हणाला. "इकडे बघा." आणि चष्मा काढून माझ्या हातात देऊन तो जमिनीवर गुडघे टेकायला लागला.